कस्टमर केअरशी डोकं लावून थकलात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतल्या कोणाचा रिफंड अडकला, सिम बंद पडलं, बँकेने न विचारता चार्ज कापला की मला फोन येतो, आणि प्रश्न साधारण तेच तेच असतात, म्हणून एकदा सगळं बसून लिहून काढतोय. बँक, मोबाईल, ऑनलाइन खरेदी आणि विमा एवढ्यावरच भर दिलाय कारण लोकांना सगळ्यात जास्त रडवतात ती हीच चार ठिकाणं. माझं सांगणं थोडक्यात असं की कंपनी कितीही बिनचेहऱ्याची वाटली तरी नियमाप्रमाणे तिला तुम्हाला एक नाव, एक तक्रार नंबर आणि एक मुदत द्यावी लागते, आणि फोनवर भांडण्यापेक्षा या तीन गोष्टींच्या मागे लागलात तर काम हलतं.

एवढी मोठी कंपनी, मग फोनवर साधा एक माणूस का भेटत नाही?

कारण माणसाला पगार द्यावा लागतो. आधी बॉट, मग "अमुकसाठी एक दाबा तमुकसाठी दोन दाबा", मग गाणं, ही सगळी गाळणी आहे आणि त्यात बरेच लोक कंटाळून फोन ठेवतात हे कंपनीला पक्कं माहीत असतं. त्यातून पार होऊन जो आवाज येतो तो बऱ्याचदा त्या कंपनीचा कर्मचारीही नसतो, कॉन्ट्रॅक्ट घेतलेल्या बीपीओतला विशी-पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी असते, समोर स्क्रीनवर ठरलेली वाक्यं असतात आणि एक कॉल सरासरी किती मिनिटांत संपवला हे रोज मोजलं जातं. त्याच्या हातात फार तर तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बनवणं असतं. ते तिकीट जातं "बॅकएंड टीम"कडे, जिच्याशी तुम्ही बोलू शकत नाही आणि अनेकदा तो मुलगाही बोलू शकत नाही. म्हणून दर वेळी नवीन माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून गोष्ट सांगायची, हा अनुभव येतो.

मग त्या मुलावर ओरडून काही उपयोग नाही?

नाही, आणि ओरडूही नये. शिव्या खायचा पगार त्याला मिळत नाही. शांतपणे विचारायचं: माझ्या तक्रारीचा नंबर काय, तो एसएमएसवर किंवा मेलवर येईल का, किती तारखेपर्यंत उत्तर मिळेल, आणि तुमचं नाव काय. चारही गोष्टी तिथल्या तिथे वहीत लिहायच्या, सोबत तारीख आणि वेळ. "सिनियरशी बोलायचंय" म्हणालात तर कधी जोडून देतात, कधी "सर कॉलबॅक येईल" म्हणतात, तेही लिहून ठेवा. कॉलबॅक आला नाही हा पुढे तुमचाच मुद्दा होतो.

चॅट केलं असेल तर विंडो बंद करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या. नंतर ते संभाषण पुष्कळदा दिसतच नाही.

"आपली तक्रार सोडवली आहे" असा मेसेज आला, पण इकडे काहीच झालेलं नाही. हे काय आहे?

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. कंपनीच्या आत तिकीट किती तासांत बंद केलं यावर टीमचं काम मोजतात, त्यामुळे मुदत संपत आली की तिकीट बंद करून टाकायचं आणि ग्राहकाने परत ओरड केली की नवीन उघडायचं असं सर्रास चालतं, आणि कागदावर तुमची एक जुनी तक्रार न राहता तीन-चार "सोडवलेल्या" तक्रारी दिसतात. म्हणून शक्यतो नवीन तक्रार टाकू नका. जुन्याच नंबरावर मेल करा की "तक्रार क्रमांक अमुक न सोडवता बंद केली आहे, मला हे मान्य नाही, वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवा". पहिल्या तक्रारीची तारीख अजिबात सोडायची नाही, पुढचे सगळे दिवस तिथून मोजले जातात.

वरचा अधिकारी म्हणजे कोण, आणि तो सापडतो कुठे?

वेबसाइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात. "ग्रीव्हन्स", "नोडल ऑफिसर", "कस्टमर ग्रीव्हन्स रिड्रेसल" असं काहीतरी लिहिलेलं असतं. ई-कॉमर्स कंपन्यांना तर २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव, पद आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असते. मार्केटप्लेस, म्हणजे इतर विक्रेत्यांचा माल जिथे विकला जातो अशी साइट, असेल तर प्रत्येक तक्रारीला तिकीट नंबर देणंही बंधनकारक आहे. बँकांना नोडल अधिकारी असतात, मोबाईल कंपन्यांना अपील ऑथॉरिटी असते, विमा कंपन्यांना ग्रीव्हन्स ऑफिसर असतो.

ॲपमध्ये "हेल्प" दाबलं की परत तोच बॉट येतो, म्हणून हे शोधायला ब्राउझरमधून वेबसाइटच उघडा.

गुगलवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर नंबर शोधला तर?

कृपया नको. खरा माणूस फोनवर भेटत नाही याचा फायदा चोरांनी बरोबर घेतलाय, खोटे हेल्पलाइन नंबर टाकून ठेवतात आणि तिथे मात्र पहिल्या रिंगला गोड बोलणारा माणूस भेटतो. रिफंड देतो म्हणून स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावतात, किंवा यूपीआय पिन टाकायला सांगतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला. नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागून, पासबुकावरून, बिलावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, त्याच वेळी बँकेला कळवणं आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. इथे अर्ध्या तासानेसुद्धा फरक पडतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात.

बँक दाद देत नाही. शाखेत गेलो तर हेल्पलाइनला फोन करा म्हणतात, हेल्पलाइनवाले शाखेत जा म्हणतात.

हा खेळ मोडायचा एकच उपाय, लेखी तक्रार. शाखेत अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, घेत नसतील तर बँकेच्या अधिकृत तक्रार मेलवर पाठवा. त्या दिवसापासून ३० दिवस मोजा. उत्तर आलं नाही, किंवा आलं पण पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. १२ नोव्हेंबर २०२१ पासून एकात्मिक लोकपाल योजना आहे, म्हणजे बँक, फायनान्स कंपनी, वॉलेट यासाठी वेगवेगळ्या ठिकाणी हेलपाटे नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर एकच तक्रार. फी नाही. वकील लावायचा नाही, वकिलामार्फत आलेली तक्रार तिथे घेतच नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलतात. ऑनलाइन जमत नसेल तर चंडीगडच्या केंद्राला पोस्टाने पत्र पाठवता येतं.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. बँकेला आधी लेखी न कळवता थेट लोकपालाकडे गेलात तर तक्रार बाद होते. आणि तोच विषय कोर्टात किंवा ग्राहक आयोगात (म्हणजे ग्राहक न्यायालयात) चालू असेल तरीही घेत नाहीत, म्हणून आधी लोकपाल, मग गरज पडली तर आयोग असा क्रम ठेवा.

अजून एक, जे फार कमी जणांना ठाऊक असतं. मोठ्या बँकांमध्ये आतच एक अंतर्गत लोकपाल असतो आणि बँकेने तुमची तक्रार पूर्ण किंवा अर्धवट नाकारायची ठरवली तर ती आधी त्याच्याकडे जायला हवी. तुम्ही थेट त्याच्याकडे जाऊ शकत नाही, पण पत्रात विचारू शकता की "माझी तक्रार नाकारण्याआधी अंतर्गत लोकपालाकडे पाठवली होती का". हा प्रश्न लिहिला की उत्तर देणाऱ्याला कळतं की समोरच्याला नियम माहिती आहेत.

एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, यूपीआयही अडकलं. किती दिवस वाट बघायची?

रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. एटीएमचे पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, यूपीआयने एखाद्याला पाठवले आणि त्याला मिळालेच नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराचं पेमेंट अडकलं तर पाच दिवसांत. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही तुम्ही न मागता द्यायची आहे. प्रत्यक्षात मागितल्याशिवाय देतात असं मला फारसं दिसलं नाही, म्हणून मागा. मेलमध्ये परिपत्रकाचा उल्लेख करा.

खात्यातून तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले असतील, म्हणजे ओटीपी वगैरे तुम्ही दिलेला नाही आणि चूक बाहेरच्याची आहे, तर २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काही बोजा येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत येतो. म्हणून "सोमवारी बघू" नको, शनिवारी रात्री मेसेज आला तर शनिवारी रात्रीच कळवा आणि पोच ठेवा.

मोबाईल कंपनीने न मागता कसलं तरी पॅक चालू केलं, पैसे कापले.

अशी सेवा बंद करायला १५५२२३ हा नंबर सगळ्या कंपन्यांना सारखाच आहे. चालू झाल्यापासून २४ तासांत कळवलं तर कापलेले पैसे परत द्यायचा नियम आहे. बाकी तक्रारींसाठी १९८, हा फोन फुकट असतो, आणि तक्रार नोंदवली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार नंबर, मिळालाच पाहिजे. तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील ऑथॉरिटीकडे अपील करायचं, तेही फुकट, आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. लोक ट्रायला, म्हणजे टेलिकॉम नियामकाला, पत्र लिहितात आणि उत्तराची वाट बघत बसतात, पण ट्राय एकेका ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही, ते नियम करतात.

पूर्वी कंपन्या सांगायच्या की टेलिफोनचे वाद ग्राहक न्यायालयात चालतच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं की चालतात. कोणी अजून ते जुनं सांगत असेल तर ऐकू नका.

ऑनलाइन मागवलेली वस्तू खराब निघाली, रिटर्न "रिजेक्ट" केलं. कारण विचारलं तर "पॉलिसीनुसार".

पॉलिसीतलं कुठलं कलम, हे लेखी मागा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष वस्तू परत घेऊन पैसे परत न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत आणि नसेल तर ३० दिवसांत. "आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत, सेलरशी बोला" म्हणाले तरी त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याची जबाबदारी संपत नाही. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असेल तर फारच बरं, महागाची वस्तू असेल तर ती सवयच लावून घ्या.

सबस्क्रिप्शन घ्यायला एक बटण, बंद करायला सात पानं. हे चालतं का?

नाही चालत. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारने डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ॲप-साइटवर ग्राहकाला फसवून अडकवणाऱ्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं आणली, १३ प्रकार दिलेत आणि सबस्क्रिप्शन ट्रॅप त्यातला एक आहे. तक्रारीचं काही होईपर्यंत स्वतःपुरतं करायचं तर यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचं मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी, शोधा आणि तिथूनच रद्द करा, कंपनीची परवानगी लागत नाही.

विमा कंपनी क्लेम अडवून बसली आहे / एजंटने भलतीच पॉलिसी गळ्यात मारली.

आधी कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला मेल, दोन आठवडे वाट, मग इर्डाच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर. त्यानेही नाही झालं तर विमा लोकपाल, त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत, तिथेही फी नाही.

आमच्या ओळखीतल्या एक काकू, एकट्या राहतात. बँकेत एफडी करायला गेल्या आणि विम्याची पॉलिसी घेऊन आल्या, दरवर्षी हप्ता भरायची. हे त्यांना घरी कागद आल्यावर कळलं. हेल्पलाइनवर आधी जन्मतारीख टाईप करा, मग पॉलिसी नंबर टाईप करा, त्यांना कमी ऐकू येतं, बटण दाबेपर्यंत "अवैध इनपुट" म्हणून फोन कट. कितीतरी दिवस त्या रोज दुपारी हे करत होत्या आणि आपल्यालाच जमत नाही म्हणून रडत होत्या. एवढ्या शिकलेल्या, आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाईला एका यंत्राने असं वाटायला लावावं हे मला आजही सहन होत नाही. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस फ्री लूक असतो, त्या काळात कारण सांगून ती परत करता येते आणि किरकोळ खर्च वजा करून पैसे परत मिळतात. सुदैवाने मुदत बाकी होती. एक पानी पत्र, तक्रार अधिकाऱ्याला मेल, शाखेत शिक्क्याची प्रत, आणि पैसे आले. एकही बटण दाबावं लागलं नाही.

१९१५ ला फोन करून खरंच काही होतं?

बऱ्याचदा होतं. ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, व्हॉट्सॲपवरही तक्रार टाकता येते. ते कोर्ट नाही, कंपनीवर हुकूम सोडू शकत नाहीत, पण तुमची तक्रार कंपनीच्या वेगळ्या टीमकडे जाते आणि तिकडे बॉट नसतो. रिफंड, डिलिव्हरी, सर्व्हिस सेंटर असल्या भानगडींना मी पहिल्यांदा हेच सुचवतो. दहा-पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर पुढे जा.

पुढे म्हणजे ग्राहक आयोग ना? वकील, तारखा, खर्च, आपल्याच्याने होईल का?

होईल. जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात आणि तो आकडा तुम्ही भरलेल्या पैशांवरून ठरतो. पाच लाखांपर्यंत फी शून्य. वकील लागतोच असं नाही, स्वतः बोलता येतं. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो नाहीतर बंगळुरूला, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे सांगलीचा माणूस सांगलीत. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत मात्र केली पाहिजे.

वेळ लागतो, हे लपवत नाही. कायद्यात तीन महिने लिहिलेत, प्रत्यक्षात बरेच जास्त लागतात. पण नोटीस पोचली की कंपनीला ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत, लेखी उत्तर द्यावं लागतं. इतके महिने तुम्हाला "प्रिय ग्राहक" म्हणणाऱ्यांना तिथे पहिल्यांदा तुमचं नाव लिहून, तुमच्या मुद्द्यांना एकेक करून उत्तर द्यावं लागतं. काही कंपन्या नोटीस गेल्यावरच तडजोडीचा फोन करतात. आदेश होऊनही पाळला नाही तर दंड आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

अडलंच तर मुंबई ग्राहक पंचायत, अखिल भारतीय ग्राहक पंचायत अशा संस्थांचे कार्यकर्ते मार्गदर्शन करतात. या दोन्ही चळवळी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातच उभ्या राहिल्या, ग्राहक कायदा १९८६ मध्ये आला त्याच्या कितीतरी आधी.

माझं छोटं दुकान आहे, मला हे लागू होतं का?

स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर ग्राहक कायदा लागू होतो. मोठ्या व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तू-सेवेला नाही.

वीज बिलाचं काय?

वेगळी वाट आहे. आधी कंपनीकडे तक्रार, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, मग विद्युत लोकपाल, मुंबई किंवा नागपूर.

एक्सवर टॅग करून पोस्ट टाकली की लगेच उत्तर येतं म्हणतात?

येतं, "आम्हाला डीएम करा" एवढं येतं. कधी कधी कामही होतं, पण ते तुमचे फॉलोअर किती यावर असेल तर गावाकडच्या माणसाने काय करायचं? शिवाय पोस्ट म्हणजे लेखी तक्रार नव्हे, तिच्यावरून मुदत मोजत नाहीत. टाकायची तर टाका, पण मेल आधी. आणि पोस्टमध्ये मोबाईल नंबर, ऑर्डर नंबर, खाते क्रमांक टाकू नका, त्या पोस्टखाली खोटी कस्टमर केअर खाती लगेच येतात.

मेल मराठीत लिहिला तर चालेल? आणि लिहायचं काय, एखादा नमुना द्या ना.

चालेल, बिनधास्त लिहा. भावना थोड्या बाजूला ठेवून तारखा पुढे आणा, एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. साधारण असं:

"प्रति, तक्रार निवारण अधिकारी. विषय: तक्रार क्रमांक (इथे नंबर), दिनांक (पहिली तारीख), न सोडवता बंद केल्याबाबत. मी तुमचा/तुमची ग्राहक असून माझा खाते किंवा ऑर्डर क्रमांक हा आहे. दिनांक अमुक रोजी असं झालं. त्याच दिवशी तक्रार नोंदवली, त्यानंतर दिनांक अमुक आणि तमुक रोजी फोन केले, बोलणाऱ्यांची नावं अशी. आजपर्यंत रक्कम रुपये इतकी परत मिळालेली नाही. मला रक्कम, नियमानुसार भरपाई आणि नकार असल्यास नियमाच्या उल्लेखासह लेखी कारण हवं आहे. १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी लोकपाल किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सोबत स्क्रीनशॉट आणि बिल जोडलं आहे."

बँकेला लिहिताना १५ च्या जागी ३० दिवस लिहा. खाली पूर्ण नाव, पत्ता, मोबाईल. पाठवल्यावर आपोआप पोचेचा मेल येतो, तो डिलीट करू नका, त्याच्यावरच्या तारखेचा प्रिंट काढून बिलासोबत फाईलला लावा.